बारा काळांचा तक्ता

मंगळवार, २ जुलै

संध्याकाळी शेजारच्या आक्का नातवाला पुढे घालून आल्या. सोन्या सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. वहीत पट्टीनं आखलेली बारा घरं होती. आडवे तीन काळ आणि उभे चार प्रकार: साधा, चालू, पूर्ण, पूर्ण-चालू. वर सूचना, कोणतंही एक नियमित क्रियापद घेऊन तक्ता भरून आणणे.

"बाई, ह्येचं जरा बघा की. आमच्या घरात कुणाला येतंय हे?"

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी असा तक्ता दिसला की बोटं खडू शोधतात. सोन्याला 'प्ले' हवं होतं, मी 'वॉक' घ्यायला लावलं. नियमित क्रियापद म्हटलं की माझ्या तोंडी 'वॉक'च येतं आणि त्याला कारण आमचे रत्नागिरीचे इंग्रजीचे सर. त्यांच्या टेबलावर रेन आणि मार्टिनचं जाडजूड व्याकरण असायचं. त्यात सगळे काळ चालवून दाखवायला क्रियापद घेतलंय 'लव्ह'. आय लव्ह, यू लव्ह, ही लव्हज, अशी पानभर रांग. मुलामुलींच्या एकत्र वर्गात हे वाचायचं कसं? सरांनी पहिल्याच ओळीला 'लव्ह' उचलून तिथं 'वॉक' ठेवलं आणि मान वर न करता शेवटपर्यंत वाचत गेले. पण पुढच्या बाकावरच्या दोघींनी उघडं पान पाहिलं होतं. मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी सगळ्या वर्गात. त्या वर्षी आमच्या वर्गात 'वॉक'ला एक निराळाच अर्थ चिकटला. अमकी अमक्याला वॉक करते म्हणे. सरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

या रेनसाहेबांचीही गंमत आहे. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला माणूस, आणि जगात नाव झालं ते १९२४ च्या 'ब्यू जेस्ट' या वाळवंटातल्या शिपायांच्या कादंबरीमुळे. 'लव्ह'ची प्रथा मात्र त्याच्याही आधीची. लिंडली मरे नावाचा अमेरिकेतला वकील इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला होता. तिथल्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी गळ घातली म्हणून त्यानं १७९५ मध्ये एक व्याकरण लिहिलं. त्यातही नमुन्याचं नियमित क्रियापद 'लव्ह'च. यॉर्कच्या मुलींना ते चाललं, आमच्या सरांना पावणेदोनशे वर्षांनंतरही चालेना.

बुधवार, ३ जुलै

तक्ता भरताना सोन्याच्या लक्षात आलं की लिहायला फार काही नाहीच. वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. संपलं. चार रूपांच्या भांडवलावर बारा घरांचा संसार. बाकीची सगळी धावपळ 'बी', 'हॅव' आणि 'विल' करतात. मी त्याला म्हटलं, नियमित क्रियापद म्हणजे घरातला मोठा माणूस. खुर्चीत बसलेला. पाणी आणायला, दार उघडायला धाकटे धावतात.

आक्का वाती वळत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "म्हंजे बाई चालली का बाप्या चालला ते कळतच न्हाई व्हय?"

नाही कळत. आय वॉक्ड. मी चाललो, मी चालले, आम्ही चाललो, तू चाललास, तू चाललीस, तो चालला, ती चालली, ते चाललं, त्या चालल्या: सगळ्यांना एक 'वॉक्ड'. त्यातून क्रियापद सकर्मक असलं की आपल्याकडे कर्ता बाजूलाच राहतो आणि क्रियापद कर्माच्या मागे लागतं. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी दूध प्यायले किंवा प्यालं, हा वाद तर अजून मिटलेला नाही. असली चैन इंग्रजीला परवडलेली नाही.

"बरं हाय की मग," आक्का म्हणाल्या. "आमचं कोल्हापूरचंच म्हना."

हसू आलं, पण त्यांचं खरं होतं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "मी देवळात जाऊन येतो." मी दचकून मागे पाहिलं, मामंजी बोलले की काय म्हणून. इथल्या बायका 'मी येतो, मी जातो, मी केलो' म्हणतात. मी 'येते, जाते' म्हणायची तर जावा हसायच्या, कोकणातली नाजूक भाषा म्हणून. चाळीस वर्षं झाली, मी अजून 'येते'च म्हणते. प्रथमपुरुषात बाई-पुरुष भेद न ठेवण्याच्या बाबतीत आक्का माझ्यापेक्षा इंग्रजीच्या जवळ आहेत, हे मात्र इतकी वर्षं इंग्रजी शिकवून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शुक्रवार, ५ जुलै

सोन्या 'वॉकेड' म्हणतो. 'टॉकेड', 'हेल्पेड', 'वॉशेड'. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, आमच्या वेळी ते पाचवीत भेटायचं. त्यामुळे त्याला शब्द माझ्या त्या वयापेक्षा कितीतरी जास्त येतात. पण ते डोळ्यांवाटे आलेत, कानांवाटे नाहीत. दिसेल तसं वाचायचं हा मराठीचा सरळ बाणा तो इंग्रजीलाही लावतो.

नियम सांगून उपयोग नव्हता, म्हणून त्याला गळ्यावर दोन बोटं ठेवायला लावली. क म्हण, प म्हण. काही थरथरत नाही. ग म्हण, ब म्हण. थरथरतं. थरथर नसेल तिथं शेवट 'ट' होतो: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. थरथर असेल तिथं 'ड': कॉल्ड, प्लेड, रेन्ड. आणि मुळातच ट किंवा ड असेल तर दोन टकार एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये एक इ घुसते: वॉन्टिड, नीडिड. लिहिताना तिन्हीकडे तीच दोन अक्षरं.

"पण असं का?"

वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: वाक् अधिक पती, वाक्पती. वाक् अधिक देवी, वाग्देवी. क तोच, पुढचा द मृदू आला म्हणून ग झाला. कठोर कठोराशी, मृदू मृदूशी. आपल्याकडे पुढच्याच्या भिडेनं मागचा बदलतो, इंग्रजीत मागच्याच्या भिडेनं पुढचा. संधी हा धडा त्यांना पुढे येईल तेव्हा त्याला हे आठवेल का, कोण जाणे. मला शाळेत असताना कुणी दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं नव्हतं. संस्कृतच्या तासाला संधी, इंग्रजीच्या तासाला उच्चार, आणि मध्ये घंटा.

रविवार, ७ जुलै

सकाळी रंकाळ्यावर. संध्यामठाच्या बाजूनं जाऊन परत. गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेहमीसारखी गर्दी, म्हशी उभ्या, धारोष्ण दुधाचे पेले हातोहात. चालून कमावलेलं तिथं उभ्या उभ्या घालवायचं, ही गावाची रीत.

वाटेत सुचलं, 'आय वॉक एव्हरी डे' याचं मराठी 'मी रोज चालते' असं कुणी म्हणेल का? म्हणेल, डॉक्टरांना. शेजाऱ्यांना सांगताना 'मी रोज फिरायला जाते'. वर्गात मी जन्मभर 'चालणे' शिकवलं.

गुरुवार, ११ जुलै

'वॉक'ची कुळकथा जुन्या कोशात पुन्हा काढून वाचली. हे नियमितपणाचं आदर्श बाळ मुळात नियमित नव्हतंच. जुन्या इंग्रजीत ते 'वेआल्कन' होतं, अर्थ लोळणं, उसळणं, लाटांनी हेलकावणं. भूतकाळात त्याचा पोटातला स्वर बदलायचा, 'सिंग'चं 'सँग' होतं तसा. चालणं हा अर्थ तेराव्या शतकाच्या सुमाराला आला, आणि स्वर बदलण्याची खोडही सुटली. वॉकर हे आडनाव तर फिरायला जाणाऱ्याचं नाहीच. विणलेलं लोकरी कापड ओलं करून पायांनी तुडवणारा तो वॉकर.

असं एकट्या 'वॉक'चं झालेलं नाही. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, 'क्लाइम'चा 'क्लोम', 'लाफ'ही त्यातलंच. २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हार्वर्डच्या काही संशोधकांनी याचा चक्क हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली. त्यांतली आज अनियमित उरलीत ९८. जे क्रियापद क्वचित बोललं जातं ते लवकर सरळ होतं. जे दिवसातून शंभरदा तोंडी येतं, 'गो', 'बी', 'हॅव', ते आपला वाकडेपणा सांभाळून असतं. ओठांवर असलेल्याला कोण सुधारणार?

मराठीतही तेच. जा-गेला, ये-आला, कर-केला, हो-झाला, मर-मेला. वाकडी म्हणावीत ती सगळी रोजच्या राबत्यातली. लहान मूल 'बाबा ऑफिसला जाला' म्हणतं, 'मी करलं' म्हणतं. त्याला कुणी असं शिकवलेलं नसतं. चालला, पळाला, बसला ऐकून त्यानं स्वतःच नियम काढलेला असतो. अमेरिकेत जीन बर्को या बाईंनी १९५८ मध्ये हेच मुलांवर करून पाहिलं. चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून मुद्दाम बनवलेली क्रियापदं दिली. हा माणूस 'रिक' करतो, कालही त्यानं तेच केलं, काल त्यानं काय केलं? मुलं म्हणाली, रिक्ट. कधीही न ऐकलेल्या शब्दाला बरोबर शेपूट.

सोन्याला मी 'पुंग' हे क्रियापद दिलं. त्यानं क्षणात 'पुंग्ड' केलं, वर 'पुंगिंग'ही. मग म्हणाला, "पुंग म्हणजे काय पण, बाई?" सांगितलं, ते तू ठरव. आता तो आक्कांना सारखा विचारतोय, आर यू पुंगिंग?

रविवार, १४ जुलै

सून फोनवर: "आई, आज वॉक केला का?"

वॉक केला. चेक केलं, मेसेज केला, पार्क केली. मराठी माणूस इंग्रजी क्रियापद घेतो, पण चालवत नाही. त्याला 'कर'च्या खांद्यावर बसवतो आणि काळ, लिंग, वचन सगळं 'कर'कडून वसूल करतो. आणि इंग्रजीतलं ते भूतकाळाचं शेपूट कुठून आलं? बऱ्याच अभ्यासकांचा तर्क असा की ते 'डिड'चाच झिजलेला अवशेष आहे. इंग्रजीच्या दूरच्या पूर्वजांनी कधीतरी क्रियापदापुढे 'केलं' जोडलं, बोलता बोलता ते चिकटलं, झिजलं, आणि एका टकारापुरतं उरलं. म्हणजे 'वॉक्ड' म्हणजेही मुळात 'वॉक केला'च. सूनबाईंच्या मराठीवर मी गेली सहा वर्षं नाक मुरडते आहे.

बुधवार, १७ जुलै. आषाढी

उपास. आक्कांचे धाकटे भाऊ वारीला गेलेत, आळंदीपासून पायी. आक्कांनी सकाळी साबुदाण्याची खिचडी आणून दिली आणि म्हणाल्या, "बावीस वर्सं झाली, चालतोय."

बावीस वर्षं झाली, चालतोय. 'झाली' भूतकाळ, 'चालतोय' वर्तमानकाळ. मध्ये स्वल्पविरामाएवढा श्वास. आणि माझ्या पोरींनी इंग्रजीत 'ही इज वॉकिंग सिन्स ट्वेंटी टू इयर्स' लिहिलं की मी लाल रेघ ओढायची. चूक इंग्रजीची होतीच, पण ती आळसाची नव्हती. घरची दोन क्रियापदं होती, त्यातलं एकच नेता येत होतं.

शनिवार, २० जुलै

पाऊस. फिरणं बंद.

सोमवार, २२ जुलै

सोन्याच्या शाळेला सुट्टी. बारातलं शेवटचं घर, भविष्यकाळाचं पूर्ण-चालू, त्याला पटत नाही. 'आय विल हॅव बीन वॉकिंग'. "असं कोण बोलतं?" फारसं कुणीच नाही, हे शिक्षिकेनं कबूल करायचं नसतं.

मग म्हटलं, 'वॉक' ठेव बाजूला, 'रेन' घे. तेही नियमित. रेन, रेन्स, रेन्ड, रेनिंग.

"इट इज रेनिंग. इट म्हणजे कोण?"

कोणी नाही. मराठीत पाऊस पडतो. कर्ता आहे, तो पडतो, कधी दडी मारतो, कधी धिंगाणा घालतो. इंग्रजीत पाऊस हेच क्रियापद होऊन बसलं आणि कर्त्याची जागा रिकामी पडली. रिकामी ठेवायची पद्धत नाही, म्हणून तिथं 'इट' आणून बसवला. नोकरीवर हजर, काम काही नाही. सोन्याला हे फार आवडलं. त्याच्या ओळखीत असं कोणीतरी असावं.

शुक्रवार, २६ जुलै

नदीनं धोक्याची पातळी ओलांडली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे दोन आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ. सुतारवाड्यातली माणसं हलवली, दरवेळी पहिली तीच हलतात. आमची गल्ली उंचावर आहे, तरी २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसाला झोप कसली?

दिवसभर फोन. पाणी कुठवर आलं? पाणी वाढतंय का? राधानगरीचे दरवाजे उघडले का? तिथले दरवाजे आपोआप उघडतात. धरण भरलं की पाण्याच्या दाबानंच. इथं मात्र माणसं एकमेकांना विचारत राहतात. वाढलं, वाढतंय, वाढत चाललंय, वाढणार. ऐकताना मला एकदम तक्त्याची घरं दिसायला लागली, आणि कोणी कुठलं घर चुकवत नव्हतं. 'वाढलं' म्हणणारा माणूस दार लावून आत जात होता, 'वाढत चाललंय' म्हणणारा चटया माळ्यावर टाकत होता. दोघांच्या मध्ये काळाचा फरक काहीच नव्हता, बोलत दोघंही आत्ताबद्दलच होते.

संध्याकाळी वीज गेली. सोन्या मेणबत्तीपाशी बसून आपणहून म्हणाला, "इट हॅज बीन रेनिंग फॉर सेव्हन डेज." मग थोड्या वेळानं, "उद्या पण पडला तर इट विल हॅव बीन रेनिंग फॉर एट डेज. बरोबर?"

बरोबर. सत्तावीस वर्षं हे घर मी खडूनं भरलं. 'नेक्स्ट जूनला मी इथे दहा वर्षं राहत असेन' असली निर्जीव वाक्यं देऊन.

आक्का अंधारातून: "काय म्हनतंय त्ये?"

"उद्या आठ दिवस होतील म्हणतोय."

"व्हायला नगोत."

मंगळवार, ३० जुलै

पाणी उतरतंय. रस्त्यांवर चिखल, आणि तो वास.

मंगळवार, ६ ऑगस्ट

सोन्याची चाचणी झाली. वीसपैकी सतरा. तीन गेले ते एकाच प्रश्नात. 'मी लहानपणी रोज रंकाळ्यावर चालायचो' याचं इंग्रजी. त्यानं 'आय यूज्ड टू वॉक' लिहिलं होतं, मीच सांगितलेलं. शिक्षकांना साधा भूतकाळ हवा होता. शेरा: हा काळ तक्त्यात नाही.

पहिल्यांदा चिडले. चालत जाऊन भेटावं, असं मनात आलं. चप्पलही घातली.

मग आठवलं. ९६ किंवा ९७ असेल, नववीचा वर्ग. एका मुलीनं असंच 'यूज्ड टू' लिहिलं होतं, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून नाहीतर कुठून तरी उचलून. मी दोन गुण कापले होते आणि जवळजवळ हाच शेरा लिहिला होता. शिकवलं नाही ते लिहू नये. तेव्हा ती रडली नाही, फक्त वही दोनदा उघडून बंद केली. कशी दिसायची ते आठवत नाही, ते वही मिटणं आठवतं.

चप्पल काढून ठेवली.

तक्त्यात तो काळ नाही हेही खरंच. मराठी व्याकरणानं त्याला स्वतंत्र नाव दिलंय, रीतिभूतकाळ. चालत असे, चालायचो, चालायचे. एकदा झालेलं नव्हे, होत राहिलेलं आणि आता बंद पडलेलं. आम्ही कोकणातली माणसं तर निम्मं बोलणं त्याच काळात करतो. इंग्रजीच्या बारा घरांत त्याला ओसरीवरही जागा नाही. 'यूज्ड टू' म्हणजे बाहेरून येऊन काम करून जाणारी बाई.

गुरुवार, ८ ऑगस्ट

वीस दिवसांनी रंकाळ्यावर गेले. पाणी काठोकाठ, कठड्याजवळ माणसं मोबाइल उंच धरून उभी.

परत आले तर आक्का दारातच, पदर खोचून. वाटी परत द्यायला आल्या होत्या. सोन्या माझ्या ओट्यावर वही घेऊन बसलेला. वाटी ठेवून आक्का लगेच वळल्या.

"चाललो वो बाई. येतो."

सोन्यानं डोकं वर केलं. "बाई, चाललो म्हणजे पास्ट ना? पण आक्का अजून गेली कुठं? आणि येतो काय? ती जाते आहे."

मी सांगायला तोंड उघडलं. जाणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नसतं, हे त्याला माहीत आहे, तरी त्यानं विचारलं. आणि 'चाललो'चं काय सांगणार? आपल्याकडे निघायच्या आधीच माणूस चाललेला असतो. हाक मारली की चुलीपाशी बसल्या बसल्याच 'आले, आले' म्हणून तो आलेला असतो. भूतकाळ वापरला की समोरच्याला काम झाल्यासारखं वाटतं आणि आपल्याला दोन मिनिटं मिळतात.

"लिही," मी म्हटलं. "कुठल्या घरात लिहू?" त्यानं विचारलं.

आक्का जिन्यावर होत्या. तिथूनच ओरडल्या, "काय झालं?"

"काही नाही आक्का, या तुम्ही."

सोन्यानं तक्त्याखाली पट्टी ठेवून आणखी एक ओळ आखली. बाराच्या खाली आडवी, डावीकडून उजवीकडे, मध्ये उभ्या रेघा न मारता. आत अजून काही लिहिलेलं नाही. त्याला पेन्सिलीला टोक करून हवं होतं आणि टोकयंत्र सापडत नव्हतं.